थिबाच्या समाधीत पट्टराणी नाही. मग सुपयालत गेली कुठे?

सुरंगी (धागाकर्ती)

इंग्रजांनी बर्माच्या ज्या राजाला गादीवरून काढून रत्नागिरीत आणून ठेवलं तो थिबा. त्याच्या नावाने इथे थिबा राजवाडा आहे, थिबा पॉइंट आहे, थिबाची समाधी आहे. समाधीच्या जागी राजाबरोबर एका राणीलाही पुरलेलं आहे आणि आपण पाहुण्यांना बिनदिक्कत सांगून मोकळे होतो की ही थिबाची राणी. खोटं नाही ते. पण इतिहासात जिच्या नावाने खडे फोडले गेले ती पट्टराणी सुपयालत ही नव्हे. ही तिची सख्खी धाकटी बहीण सुपयागले, तीही थिबाचीच राणी. ती १९१२ मध्ये रत्नागिरीत वारली, थिबा १९१६ च्या डिसेंबरात. सुपयालत मात्र १९१९ मध्ये इथून जिवंत बाहेर पडली. आपल्या गावात ३३ वर्षं काढलेल्या बाईबद्दल गावाला इतकी कमी माहिती असावी याचं मला नवल वाटतं, म्हणून हा धागा.

थोडी ओळख. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी.

जन्म १८५९ चा. बाप बर्माचा राजा मिंडॉन, आई सिनब्यूमाशिन, म्हणजे मिंडॉनच्या डझनावारी राण्यांमधली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कारस्थानी. थिबाही मिंडॉनचाच मुलगा, दुसऱ्या राणीचा. सावत्र भावाबहिणीचं लग्न म्हटलं की आपण चरकतो, पण कोनबाँग घराण्यात पट्टराणी राजरक्ताचीच हवी असा दंडक होता, आणि राजरक्ताची मुलगी म्हणजे बहुतेक वेळा बहीणच. १८७८ च्या ऑक्टोबरात मिंडॉन वारला. तो आजारी असतानाच सिनब्यूमाशिनने राजपुत्रांना भेटीच्या निमित्ताने बोलावून कोंडून घातलं. दोघे निसटले आणि ब्रिटिश रेसिडेन्सीत पळाले. गादीवर बसवला तो विहारात शिकलेला, पालीची मोठी परीक्षा उत्तीर्ण झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला विशीतला थिबा. मंत्र्यांना वाटलं, हा आपल्या मुठीत राहील. राहिला तो बायकोच्या. खरं तर पट्टराणीचा मान थोरल्या बहिणीचा होता, तिचंही लग्न थिबाशीच लागलं होतं, पण ती नावापुरती उरली.

राजधानी मंडालेच्या राजवाड्यात पश्चिमेची बाजू बायकांची. तिथे कमळाचं सिंहासन होतं आणि त्यासमोर सरदार-मंत्र्यांच्या बायकांचा दरबार भरायचा. राणीचं सार्वजनिक काम एवढंच अपेक्षित होतं: मानाचे नमस्कार घ्यायचे, दानधर्म करायचा, वारस द्यायचा. सुपयालत एवढ्यावर थांबली नाही. राजाला तिने बाहेरची कोणी राणी करूच दिली नाही (एक तरुण मुलगी त्याच्या मनात भरली होती, तिला जिवाला मुकावं लागलं, हेही लिहायलाच हवं). आणि राज्याच्या मसलतीत ती उघडपणे बोलायची. मुलगा झाला होता, तो तान्हेपणीच गेला. जगल्या त्या चार मुली.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी युद्ध झालं, जेमतेम पंधरवडाभर. २९ नोव्हेंबरला राजा-राणीला साध्या बैलगाडीत घालून इरावतीच्या धक्क्यावर नेलं. तिथून रंगून, मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी. चौघींतली तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी आपल्या रत्नागिरीत. आज आपण बघतो तो जांभ्याचा वाडा पूर्ण झाला १९१० मध्ये, त्याआधीची २४ वर्षं सगळं खटलं बंगल्यांमध्येच होतं.

माझा प्रश्न असा: राज्यच उरलं नाही तर पट्टराणीचं काम काय उरतं? माझं मत आहे की सुपयालत राणी म्हणून खऱ्या अर्थाने दिसली ती रत्नागिरीत, मंडालेत नाही. का, ते पुढे लिहिते. आधी तुमचं ऐकते.

निवळी फाटा

वाचनखूण साठवली. समाधीपाशी "राजाचं राणीवर इतकं प्रेम की मेल्यावरही शेजारी" अशी रंगवून सांगितलेली गोष्ट मी स्वतः ऐकली आहे. आता समजलं की शेजारी मेहुणी आहे. म्हणजे राणीच, पण मेहुणी.

रापण

लेखन नेहमीप्रमाणे सुंदर, पण सुरंगीताई, तुम्ही एका वाक्यात फार मोठी गोष्ट झाकलीत. १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातले साधारण ८० जण मारले गेले. राजपुत्र, राजकन्या, त्यांच्यात लहान मुलंही. राजरक्त जमिनीवर सांडता कामा नये म्हणून पिशव्यांत घालून मारलं. ज्या पट्टराणीच्या राज्यात हे झालं तिच्या "सार्वजनिक भूमिके"वर चर्चा करताना सुरुवात इथून व्हायला हवी, कमळाच्या सिंहासनापासून नव्हे. आपल्या गावात राहिली म्हणून ती आपली होत नाही.

सुरंगी

रापणराव, झाकलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं :)

८० माणसांचं समर्थन मी करणार नाही. पण तेव्हा सुपयालत १९ वर्षांची होती आणि राजवाड्याच्या नाड्या तिच्या आईच्या आणि काही मंत्र्यांच्या हातात होत्या. कोंडण्याचा बेत आईचा, हे तर सगळेच मान्य करतात. मुलीला काहीच माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. राजवाड्यात वाढलेल्या मुलीला असल्या गोष्टी माहीत असतातच, आणि मिंडॉन स्वतः भावाविरुद्ध बंड करून गादीवर आला होता, त्यामुळे मोकळे सुटलेले राजपुत्र म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही बातमी इंग्रजांना १८७९ मध्येच मिळाली होती. त्यांनी निषेध केला, त्याच वर्षी रेसिडेन्सी मंडालेतून हलवली आणि गप्प बसले. सहा वर्षांनी राज्य घ्यायची वेळ आली तेव्हा तीच बातमी पुन्हा धुऊनपुसून काढली, आणि या वेळी त्यात राजापेक्षा राणीचं चित्र मोठं रंगवलं. विलायतेत बाई राज्य करते, शिवाय १८७७ पासून आपली सम्राज्ञी म्हणवते, ते चालतं. मंडालेत बाईने नवऱ्याला सल्ला दिला की नवरा ताटाखालचं मांजर आणि ती चेटकीण.

खाडीपलीकडे

युद्धाचं कारण राणी नव्हती, लाकूड होतं. जरा सविस्तर लिहितो, कारण यात मुंबईचा संबंध आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईत उभी राहिलेली कंपनी. उत्तर बर्मातल्या जंगलांत सागवान तोडायचा मक्ता तिच्याकडे होता. १८८५ मध्ये बर्माच्या मंत्रिमंडळाने हिशेब तपासला आणि ठरवलं की कंपनीने जितक्या ओंडक्यांचे पैसे भरले त्याहून कितीतरी जास्त ओंडके नदीतून खाली सोडले. दंड ठोठावला साधारण २३ लाख रुपये. कंपनीने इंग्रज सरकारकडे धाव घेतली. त्याच वर्षाच्या जानेवारीत बर्माने फ्रेंचांशी करार केला होता, त्यामुळे कलकत्ता आणि लंडन दोन्हीकडे आधीच पोटात गोळा आलेला. लंडनमध्ये भारतमंत्री रँडॉल्फ चर्चिल, इथे व्हाइसरॉय डफरिन. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला: दंडाचा निवाडा आमच्या माणसासमोर करा, आणि परराष्ट्र व्यवहार आम्हाला विचारून करा. दुसऱ्या अटीत राज्य संपतंच, युद्ध करा अगर न करा.

इथे राणीचा प्रवेश होतो. बुजुर्ग मंत्री किनवुन मिंजी विलायत बघून आलेला, तो म्हणत होता पडतं घ्या. दुसरा मंत्री तैंडा मिंजी आणि सुपयालत म्हणत होते लढा. पुढे सगळ्यांनी तिला दोष दिला की हिच्या हट्टापायी राज्य गेलं. माझ्या मते पडतं घेऊन राज्य राहिलं असतं तर ते संस्थान म्हणून राहिलं असतं. आपल्याकडे अशी साडेपाचशे होती, काय उजेड पडला?

१ जानेवारी १८८६ ला उत्तर बर्मा खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. दंडाचं प्रकरण अर्थातच मिटलं.

मंडणगडकर

अजून कोणी टिळकांचं नाव काढलं नाही? रत्नागिरीचा माणूस मंडालेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला!

निवळी फाटा

मंडणगडकर, मी मनात पैज लावली होती की दहाव्या प्रतिसादाच्या आत टिळक येणार. आले.

खाडीपलीकडे

टिंगल नको, त्यात एक बारकावा आहे. मंडालेचा राजवाडा चौकोनी तट आणि खंदकाच्या आत होता. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट डफरिन करून आत छावणी केली, तुरुंगही तटाच्या आतच. म्हणजे १९०८ ते १९१४ टिळक ज्या आवारात होते ते सुपयालतचं माहेर आणि सासर दोन्ही. आणि ती त्याच वेळी टिळकांच्या जन्मगावी नव्या वाड्यात बिऱ्हाड लावत होती. सरकारला माणसं कुठे ठेवायची हे चांगलं कळत होतं. आपल्याकडे तेव्हा रेल्वे नव्हती, पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद, घाट उतरून यायचं तर हाडं खिळखिळी. तुरुंग बांधायची गरजच काय?

संगमेश्वरी

धागा आवडला. मला मात्र सुपयालतपेक्षा दुसरीच बाई डोळ्यांसमोर येते आहे, येसूबाई. कोकणची लेक, शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची. शृंगारपूर आमच्याच तालुक्यात.

सुरंगीताईंचा प्रश्न आहे की राज्य नसताना राणीचं काम काय. येसूबाईंकडे राज्य असतानाचा अधिकारही होता. संभाजीराजे मोहिमेवर असताना त्या कारभार पाहत, "श्री सखी राज्ञी जयति" ही त्यांची मुद्रा. राजाची बायको म्हणून हळदीकुंकवाला बसवलेली राणी नव्हे. १६८९ मध्ये राजे संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली, रायगडाला वेढा पडलेला. पोटचा शाहू जवळ असताना या बाईने त्याचं घोडं पुढे दामटलं नाही. राजारामांना गडाबाहेर काढलं, ते जिंजीला पोचले, राज्य जगलं. त्या स्वतः मुलासकट मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७ ला सुटला, पण तो नीट वागावा म्हणून आईला ओलीस ठेवून घेतलं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना दिल्लीहून आणलं. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, म्हणजे आणायला गेलेला माणूसही कोकणातलाच.

जवळपास ३० वर्षं कैद. सुपयालतची ३३. येसूबाई १७१९ ला सुटल्या, सुपयालत १९१९ ला. मधली २०० वर्षं हा योगायोग, पण एकदा दिसला की डोक्यातून जात नाही.

तरी दोघींत मोठा फरक आहे. येसूबाई कैदेत असताना बाहेर राज्य चालू होतं, म्हणून त्यांच्या कैदेला किंमत होती, तहात त्यांचं नाव होतं. सुपयालतच्या मागे बाहेर काहीच नव्हतं. सैन्य नाही, बाळाजीपंत नाही. तिला सोडवून कुणाचा फायदा होणार नव्हता. अशा स्थितीत ३३ वर्षं राणीसारखं वागणं याला मी नुसती ऐट म्हणणार नाही.

गनीम

येसूबाईंचं लिहिलंत तर त्यांच्या भावाचंही लिहा की. संगमेश्वरला

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ

शिर्के प्रकरणावर याआधी तीन धागे कुलूपबंद करावे लागले आहेत. इथे राणीपदावर बोलू या. विषयाला धरून नसलेले प्रतिसाद काढले आहेत.

मुरूडकर

तुम्ही सगळे हिंदू नाहीतर बौद्ध राण्यांत अडकलात, आमच्या जंजिऱ्याकडे कोणी बघतच नाही.

नाझली बेगम. मुंबईच्या फैझी घराण्यातली, शिकलेल्या घरातली मुलगी. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी लग्न झालं. १९०८ मध्ये नवाबांबरोबर युरोप फिरून आली आणि त्या प्रवासाचं वर्णन उर्दूत लिहिलं. तिची बहीण अतिया हीही नावाजलेली. उर्दूतले मोठे विद्वान जंजिऱ्याला पाहुणे म्हणून येत ते या बहिणींमुळे. संस्थान केवढं, तर आमच्या मुरूडपासून दोन-चार तालुक्यांचं, पण बेगमेमुळे त्याचं नाव लाहोर-लखनौपर्यंत.

आणि शेवट काय? मूल नाही. नवाबांनी वारसासाठी दुसरं लग्न केलं, १९१३ मध्ये घटस्फोट. दुसऱ्या बेगमेला, कुलसुम बेगमला, मुलगा झाला, आणि १९२२ मध्ये नवाब वारल्यावर त्याच अल्पवयीन मुलाच्या नावाने कुलसुम बेगमने कारभार पाहिला. एकीने सगळी कर्तबगारी दाखवली आणि घराबाहेर गेली, दुसरी पाळण्यामुळे राज्यकर्ती झाली. राजाच्या बायकोची खुर्ची किती पायांची असते ते यावरून बघा.

सुपयालतच्या मुलाबद्दल धाग्यात एकच वाक्य आहे. मला वाटतं सगळी मेख तिथे आहे. तो जगला असता तर इंग्रजांनी तिला १९१९ मध्येही सोडलं नसतं.

वाडीकर

तुमचा बर्मा-मंडाले चलांदे, पण सावंतवाडी कोकणात येणा नाय काय? बापूसाहेब महाराज १९३७ साली गेले, शिवरामराजे ल्हान. मगे धा वर्सां पार्वतीदेवी राणीसायबांनी कारभार बघल्यानी. तेच्या मागसून सत्त्वशीलादेवींनी गंजिफा (हातान रंगवलेले पत्ते) आणि लाखेचा काम मराक टेकलेला ता परत उभा केल्यानी. राज्य गेला, पण दरबारात चितारी बसले. ह्या राणीचा काम न्हय तर कोणाचा?

संगमेश्वरी

वाडीकरदादा, एकदम बरोबर. आणि सुरंगीताईंच्या प्रश्नाला हे आतापर्यंतचं सगळ्यात सरळ उत्तर आहे. राज्य नसताना राणीने काय करावं? हाताला काम द्यावं.

सुरंगी

वाडीकर, मुरूडकर, दोघांनी धाग्याचं सोनं केलंत. आता मी राखून ठेवलेलं लिहिते.

रत्नागिरीत तिच्याकडे काय होतं? तनखा सरकार देणार, घर सरकारचं, नोकर किती ठेवायचे यावर सरकारी अधिकाऱ्याची नजर, पत्रं त्याच्या हातून जाणार. मंडालेहून आणलेले दागिने वर्षामागून वर्षं सावकारांच्या घरी चालले होते. मोठं माणिक, न्गामाउक नावाचं, ते तर पाडावाच्या वेळीच गेलं. कर्नल स्लेडनकडे विश्वासाने दिलं होतं ते परत आलंच नाही, असं थिबा मरेपर्यंत सांगत राहिला. तरी वाड्यात रीत मंडालेचीच. समोर येणाऱ्याने खाली बसून, डोकं लववून यायचं. नोकर बर्मी असो की रत्नागिरीचा. मुलींचे कान टोचण्याचा सोहळा राजकन्यांना शोभेल असाच झाला. हे वाचून हसू येऊ शकतं. मलाही पहिल्यांदा वाटलं की ही बाई वेडी आहे की काय, घरात दाणा नाही आणि दरबार भरवते आहे.

पण १९१६ नंतरची हकिकत बघा. राजा वारला. बहीण चार वर्षांपूर्वीच गेलेली. दोघांची शवं पेट्यांत, वाड्याच्या आवारातच. सरकारचं म्हणणं, इथे रत्नागिरीत दफन करा. सुपयालतचं म्हणणं, मी बर्माला नेणार. राजाची जागा मंडालेत आहे. सरकार नाही म्हणालं, तीही नाही म्हणाली. पहिलं महायुद्ध चालू होतं, सरकारला घाई नव्हती, हिलाही नव्हती. दोन वर्षांहून जास्त काळ हे चाललं. जिच्याकडे सैन्य नाही, पैसा नाही, वारस नाही, तिने दोन शवपेट्यांवर साम्राज्याला अडवून धरलं. सरकारी कागदांत तिला हट्टी, कजाग, अडेल म्हटलंय. असणारच. पण मला तो हट्ट नवऱ्यासाठी वाटत नाही. राजाला परमुलखात पुरलं की राज्य संपल्याचा शेवटचा कागद सही झाला, हे तिला कळत होतं. ती सही तिने केली नाही.

शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये सरकारनेच समाधी बांधून दोघांना पुरलं. त्यानंतरच तिला बर्माला जाऊ दिलं. ती हरली, पण सरकारला ते स्वतःच्या हाताने करावं लागलं.

जुने कागद

सुरंगीताई, सरकार इतकं का घाबरत होतं त्याचा आधीचा दाखला रंगूनमध्येच आहे. बहादूरशहा जफर १८६२ च्या नोव्हेंबरात तिथे कैदेत वारला. त्याच दिवशी घाईने पुरला, कबर जमिनीसारखी सपाट केली, वर गवत वाढू दिलं. तिथे कोणी दिवा लावायला येऊ नये एवढीच काळजी. त्याची बेगम जीनत महल मागे राहिली आणि १८८६ च्या जुलैत रंगूनलाच वारली. तिच्याबद्दलही तेच बोललं जायचं, म्हाताऱ्या बादशहाला नाचवणारी बाई. खरी कबर नेमकी कुठे आहे ते १९९१ मध्ये खणताना सापडलं.

१८८६ हे वर्ष बघा. एप्रिलमध्ये बर्माची राणी कोकणात उतरली आणि जुलैत दिल्लीची बेगम बर्मात मेली. शिवाय थिबा गेल्यावरही उत्तर बर्मात गावोगाव बंडं चालू होती, ती मोडायला सरकारला कित्येक वर्षं आणि हजारो सैनिक लागले. मंडालेत राजाची समाधी म्हणजे त्यांना दारूगोळ्याचं कोठारच वाटलं असणार.

आंबोळी

मी एक आई म्हणून लिहिते आहे, राग मानू नका. तुम्ही तिच्या हट्टाचं कौतुक करता, त्या हट्टाचा भार कोणी उचलला? मुलींनी. राजरक्ताशिवाय जावई नको म्हणून चौघी घरात बसून राहिल्या, थोरल्या दोघी तिशी ओलांडून गेल्या. रत्नागिरीत राजरक्ताचा बर्मी नवरा कुठून मिळणार होता, पेठकिल्ल्यात?

थोरलीने त्याआधीच वाड्यावरच्या दरवान गोपाळ सावंतांत जीव गुंतवला होता. ते आधीच लग्न झालेले. १९०६ मध्ये मुलगी झाली, टुटू. दुसरीने एका बर्मी तरुणाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं, आईशी संबंध तुटले, ती पुढे कालिम्पाँगला राहिली. थोरली १९१९ मध्ये आईबरोबर बर्माला गेली खरी, पण पुढच्याच वर्षी रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच हलाखीत वारली. मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेली मुलगी. टुटूंनी तर अख्खं आयुष्य रत्नागिरीत चारचौघींसारखं कष्टात काढलं, मराठीच बोलल्या, अनाथ पोरं सांभाळली.

खरं सांगायचं तर या सगळ्या गोष्टीत मला राणी कोणी वाटली असेल तर ती टुटू. आजी नव्हे.

निवळी फाटा

आंबोळीताई, +१. पेठकिल्ला वाचून फुटलो, आणि पुढचं वाचून गप्प झालो.

सुरंगी

आंबोळीताई, राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि माझं मतही मागे घेत नाही. पट्टराणीचं पद ज्या नियमावर उभं होतं तोच नियम तिने मुलींना लावला. तो सोडला असता तर मुली सुखी झाल्या असत्या आणि ती थिबाची विधवा एवढीच उरली असती. तिने निवड केली, किंमत दुसऱ्यांनी मोजली. राजघराण्यांत हे नेहमीचंच. फक्त हिच्याकडे राजघराणं म्हणून दाखवायला हे सोडून दुसरं काही नव्हतं.

चौथीबद्दल एक सांगते. रत्नागिरीत जन्मलेली ही मुलगी पुढे बर्मात आईसारखीच निघाली. १९३१ मध्ये तिने राज्याच्या हक्कासाठी सरकारला लिहिलं, तर सरकारने तिला मौलमिनला हलवलं. तिथेच १९३६ मध्ये गेली.

फिरस्ता

कामानिमित्त यांगूनला (म्हणजे जुन्या रंगूनला) होतो तेव्हा सुपयालतची समाधी पाहिली आहे. श्वेडगॉन पॅगोडाच्या दक्षिणेला कांदॉमिन बाग आहे, तिथे. पांढरी, बर्मी धाटणीचं शिखर असलेली. शेजार मोठा आहे: संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस उ थांट, आंग सान सू ची यांच्या आई, आणि कवी थाकिन कोडॉ म्हाइंग. या तिघांना जागा मिळाली तोवर राणीला तिथे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मंडालेला मात्र ती पोचली नाही. १९२५ च्या नोव्हेंबरात वारली तेव्हा सरकारने अंत्यविधीच्या दिवशी सुट्टी जाहीर केली, पण मंडालेत दफन करायला परवानगी दिली नाही. परत आल्यापासूनही ती रंगूनमधल्या घरातच होती. म्हणजे राजा रत्नागिरीत, राणी रंगूनला, आणि दोघांची गादी मंडालेत.

जुने कागद

२०१२ मध्ये दोन्ही बाजूंनी फेरी झाली. मे महिन्यात मनमोहन सिंग रंगूनला जफरच्या कबरीवर गेले, डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थीन सीन रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर आले. बातम्यांमध्ये राजाचंच नाव. सुपयागलेचं कोणी घेतलं असेल तर माझ्या वाचनात नाही.

मंडणगडकर

सुरंगीताई, धाकट्या राणीवर वेगळा धागा काढा. तिच्याबद्दल एवढं वाचून एकच कळलं की ती मेली.

सुरंगी

काढते. बहिणीच्या नवऱ्याशी लग्न, बहिणीच्याच हाताखाली ३० वर्षं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त परमुलखात. लिहिण्यासारखं भरपूर आहे. आंब्याची गडबड आवरली की बसते.

रापण

सगळं वाचलं. येसूबाईंच्या पंगतीला सुपयालतला बसवायला मी अजूनही तयार नाही. येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राज्य वाचवलं, हिने गादी टिकावी म्हणून घरातलीच माणसं गेली तरी चालवून घेतलं. पण शवपेट्यांचा भाग मला ठाऊक नव्हता आणि तो मानतो. सरकारशी दोन वर्षं अशी झुंज भल्याभल्या संस्थानिकांना जमली नाही. आमचे लोक तर सलामीच्या तोफा वाढवून मिळाव्यात म्हणून अर्ज करत होते.

बाकी ८० जणांचं माझं म्हणणं कायम.